यादीतले नाव

सन १८९८ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयातून नुकतीच पदवी घेतलेल्या पंचवीस वर्षांच्या एका मराठा तरुणाने प्रार्थना समाजात प्रवेश केला. जमखिंडीसारख्या लहान संस्थानातून आलेल्या, घरची गरिबी असलेल्या आणि वकिलीच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या या तरुणाच्या निर्णयाची दखल त्या वेळी फारशी कोणी घेतली नसेल. परंतु पुढे महर्षी म्हणून महाराष्ट्राला परिचित झालेल्या विठ्ठल रामजी शिंदे यांच्या आयुष्याची दिशा त्या निर्णयाने ठरली. एका वादग्रस्त नव्या पंथाकडे सहानुभूतीने पाहणे ही एक गोष्ट, आणि त्याच्या यादीत स्वतःचे नाव घालणे ही अगदी वेगळी गोष्ट. या दोहोंमधले अंतर किती मोठे असते, याची जाणीव एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राला फार चांगली होती.

प्रार्थना समाजाची स्थापना ३१ मार्च १८६७ रोजी मुंबईत झाली. केशवचंद्र सेन यांच्या १८६४ मधील भेटीने सुशिक्षितांत जी खळबळ उडाली होती तिचे ते फळ होते. डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या या समाजात लवकरच महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दाखल झाले. ईश्वर एक आहे, तो निराकार आहे, मूर्तिपूजा ही त्याची खरी उपासना नव्हे, कोणताही ग्रंथ स्खलनातीत नाही आणि सर्व माणसे एकाच पित्याची लेकरे आहेत, ही त्याची मूलतत्त्वे होत. आज ही तत्त्वे वाचताना त्यांत वादग्रस्त असे काही जाणवत नाही. त्या काळी मात्र या समाजावर तिन्ही बाजूंनी टीका होत असे. सनातन्यांच्या दृष्टीने रविवारची सामुदायिक उपासना हे ख्रिस्ती धर्माचे अनुकरण होते. कडव्या सुधारकांना हा समाज भित्रा वाटे. मंदिरात निराकाराची प्रार्थना आणि घरी गेल्यावर देवपूजा, मुंज व श्राद्ध, असा दुहेरी व्यवहार त्यांना दिसे. आणि बहुजन समाजाच्या नजरेने तो इंग्रजी शिकलेल्या उच्चवर्णीयांचा एक सभ्य मेळावा होता.

फुटलेल्या यादीची आठवण

नव्या पंथाच्या यादीत नाव असणे म्हणजे काय, हे महाराष्ट्र त्याआधी दोन वेळा शिकला होता. १८४९ च्या सुमारास दादोबा पांडुरंग व त्यांचे सहकारी यांनी मुंबईत परमहंस सभा काढली. जातिभेद मोडणे हा तिचा मुख्य हेतू होता. सभेची बैठक गुप्तपणे भरे; ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खाऊन नवा सभासद जातिबंधन झुगारल्याची साक्ष देई. सभासदांची संख्या पुरेशी वाढली की एकदम उघड व्हावे, असा बेत होता. तो दिवस कधी उजाडलाच नाही. १८६० च्या सुमारास सभेची कागदपत्रे पळवली गेली, सभासदांची नावे बाहेर फुटली आणि बोभाटा होताच बहुतेक मंडळी पांगली. या सभेत एके काळी वावरलेल्या बाबा पदमनजींनी त्याआधीच, १८५४ मध्ये, उघडपणे बाप्तिस्मा घेतला होता. ज्याने किंमत मोजली त्याची वाट निराळी झाली आणि ज्यांनी ती पुढे ढकलली त्यांची सभाच उरली नाही.

दुसरा धडा पुण्यातला. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये झालेल्या एका कार्यक्रमात रानडे, टिळक, गोखले आदी प्रतिष्ठित पुणेकरांपुढे चहा ठेवण्यात आला. उपस्थितांची नावे वृत्तपत्रात छापली गेली आणि एका पेल्याने शहरात वादळ उठवले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. अखेर १८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. कुटुंबातील माणसांची आणि मित्रांची कुचंबणा टाळावी, समाजापासून तुटून सुधारणा करता येत नाही, ही त्यांची भूमिका उथळ नव्हती. तरीही प्रार्थना समाजाच्या सर्वांत मोठ्या आधारस्तंभाने प्रायश्चित्त घ्यावे, याचा तरुणांच्या मनावर जो परिणाम व्हायचा तो झालाच.

विठ्ठल रामजी शिंदे १८९३ मध्ये पुण्यात शिकायला आले तेव्हा ही आठवण ताजी होती. १८९५ मध्ये त्याच शहरात काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि सामाजिक परिषदेला काँग्रेसचा मंडप मिळू द्यायचा नाही यावरून रण माजले. शेवटी ती परिषद रानड्यांनी फर्ग्युसन महाविद्यालयाच्या आवारात भरवली. सुधारणा हा शब्द उच्चारला तरी मंडप नाकारला जातो, हे त्या वेळच्या फर्ग्युसनच्या विद्यार्थ्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

वारकऱ्याचे घर, कॉलेजचे वाचन

शिंदे यांचा जन्म २३ एप्रिल १८७३ रोजी जमखिंडीस झाला. वडील रामजीबाबा संस्थानच्या नोकरीत होते आणि वृत्तीने वारकरी होते. अभंग, पंढरीची ओढ आणि दारी आलेल्याचे आतिथ्य यांत मुलाचे बालपण गेले. आई यमुनाबाईंच्या सोशिकपणाचा ठसा त्यांच्या मनावर कायमचा उमटला. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यांचे लग्न लहानपणीच झाले. मॅट्रिक झाल्यावर काही काळ शिक्षकाची नोकरी करून ते पुण्यास आले; डेक्कन मराठा एज्युकेशन असोसिएशनची शिष्यवृत्ती आणि पुढे सयाजीराव गायकवाडांचे साहाय्य यांच्या आधारावर शिकले.

महाविद्यालयात मिल आणि स्पेन्सर यांच्या वाचनाने घरच्या श्रद्धेचा पाया हलला. सासरच्या छळाने पोळलेली बहीण जनाबाई हिचे दुःख त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते; तेव्हा धर्म आणि रूढी यांचा संबंध हा त्यांच्यासाठी वादसभेतला विषय उरला नव्हता. पण ईश्वरविषयक शंका आणि ईश्वराची ओढ या दोन्ही गोष्टी एकाच मनात नांदू शकतात. वारकऱ्याच्या मुलाला अज्ञेयवाद बुद्धीला पटला तरी जिव्हाळ्याला पुरला नाही. प्रार्थना समाजाच्या उपासनेत तुकोबांचे अभंग होते, रानडे व भांडारकर यांनी संतांच्या शिकवणीशी जोडलेले नाते होते, आणि मूर्ती, पुरोहित व जात यांचा आग्रह नव्हता. सोडलेले घर एका नव्या वाटेने पुन्हा सापडावे तसे काहीसे येथे घडले.

तरीही प्रवेश सोपा नव्हता. १८८३ मध्ये पंडिता रमाबाईंनी इंग्लंडमध्ये आणि १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. त्यामुळे प्रार्थना समाज ही बाप्तिस्म्याकडे जाणारी पहिली पायरी होय, हा समज पांढरपेशा घरांत घट्ट बसला होता. दुसरीकडे, ब्राह्मणेतर तरुणापुढे आणखी एक वाट होती. जोतीराव फुले यांनी सत्यशोधक समाज स्थापला तो १८७३ मध्ये, म्हणजे शिंदे यांच्याच जन्मवर्षी. १८९० मध्ये फुले गेले आणि त्यानंतर काही काळ त्या चळवळीला ओहोटी लागली. पण शेतकरी कुळातील मुलाने ब्राह्मण पुढाऱ्यांच्या समाजात का जावे, हा प्रश्न तेव्हाही विचारता येण्याजोगा होता आणि पुढे तो शिंदे यांना अनेकदा विचारलाही गेला. सनातन्यांनी बाटगा म्हणावे आणि स्वकीयांनी परक्यांच्या वळचणीला गेलेला म्हणावे, अशी ही जागा होती.

वकिली की प्रचार

सभासद झाल्यावर निर्णय संपला असे शिंदे यांनी मानले नाही. प्रार्थना समाजातील अनेक थोर माणसे न्यायाधीश, प्राध्यापक, वकील होती. रविवारी उपासना आणि आठवडाभर व्यवसाय, असा त्यांचा क्रम होता. शिंदे यांनाही तसे करता आले असते. कायद्याची पदवी घेऊन वकिली थाटावी, घराला वर काढावे आणि सवडीने समाजकार्य करावे, अशीच आईबापांची आणि आप्तांची अपेक्षा असणार. पण कायद्याचा अभ्यास त्यांनी अर्धवट सोडला. इंग्लंड-अमेरिकेतील युनिटेरियन पंथाचे लोक या सुमारास ब्राह्म व प्रार्थना समाजांशी स्नेह जोडत होते, जे. टी. संडरलंड यांच्या भारतभेटीनंतर येथील उदारधर्मी तरुणांपैकी एकाला ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजमध्ये धर्मशिक्षणासाठी पाठवण्याची सोय झाली. परत आल्यावर धर्मप्रचाराला वाहून घ्यायचे, हा त्यामागचा संकेत होता. १९०१ साली ही शिष्यवृत्ती शिंदे यांना मिळाली. सभासदाच्या यादीत नाव घालताना काही प्रतिष्ठा गमवावी लागली असेल. या दुसऱ्या निर्णयाने सगळी उपजीविकाच पणाला लागली.

ऑक्सफर्डमध्ये एस्टलिन कार्पेंटर यांच्यासारख्या विद्वानाकडे त्यांनी तौलनिक धर्मशास्त्राचे आणि बौद्ध धर्माचे अध्ययन केले. शहरांतील गरीब वस्त्यांत युनिटेरियन मंडळी करीत असलेले कामही त्यांनी पाहिले. १९०३ मध्ये ॲमस्टरडॅम येथील उदारधर्मीयांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत हिंदुस्थानातील उदार धर्मावर निबंध वाचून ते स्वदेशी परतले आणि मुंबई प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले.

येथे या चरित्रातील खरा पेच सुरू होतो. सर्व माणसे एकाच पित्याची लेकरे, हे तत्त्व समाजाच्या वेदीवरून दर रविवारी सांगितले जाई. शिंदे यांनी त्याचा अर्थ शब्दशः घेतला. सयाजीरावांच्या राज्यातील अस्पृश्यांच्या शाळा त्यांनी पाहिल्या, देशातील अस्पृश्यवर्गाच्या स्थितीचा अभ्यास केला. १९०५ मध्ये अहमदनगरजवळच्या भिंगार येथे अस्पृश्य बांधवांची एक सभा झाली. तिने त्यांच्या मनातील उरलीसुरली चलबिचल संपवली. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत परळ भागात शाळा उघडून त्यांनी भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळी, म्हणजे डिप्रेस्ड क्लासेस मिशन, सुरू केले. समाजाचे अध्यक्ष नारायण गणेश चंदावरकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले. समाजातीलच दामोदरदास सुखडवाला यांनी आर्थिक मदत दिली. सासरच्या छळातून सुटलेली बहीण जनाबाई मिशनच्या कामात उतरली. पुढे पुणे, हुबळी, मंगळूर अशा ठिकाणी मिशनचे काम पसरले.

समाजाच्या भिंतीपलीकडे

कोणत्याही नव्या पंथाची पहिली पिढी धाडसाची असते. दुसरी पिढी मंदिराचे छत आणि हिशेबाची वही सांभाळू लागते. १९०३ चा प्रार्थना समाज असा स्थिरावलेला होता. त्याच्या उपासनेत गांभीर्य होते, त्याच्या सभासदांत विद्वत्ता होती, पण जातिभेद प्रत्यक्ष मोडावा, घरातील संस्कार नव्या पद्धतीने करावेत, वस्तीवस्तीत जावे, हा शिंदे यांचा आग्रह सर्वांनाच मानवणारा नव्हता. मतभेद वाढत गेले आणि १९१० मध्ये त्यांनी प्रचारकपद सोडले.

या घटनेचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. असे मतभेद झाले की माणसे सामान्यतः दोनपैकी एक मार्ग पत्करतात. काही जण संस्थेत राहण्यासाठी आपली विवेकबुद्धी गप्प बसवतात. काही जण रागाने बाहेर पडून त्या संस्थेने दिलेल्या विचारावरही पाणी सोडतात. शिंदे यांनी पद सोडले, पण धर्म सोडला नाही. एकेश्वरी उपासना, जातिनिरपेक्ष बंधुभाव आणि बुद्धीला पटेल तेवढेच मानण्याचे स्वातंत्र्य या गोष्टी त्यांनी अखेरपर्यंत सांभाळल्या. १९२४ मध्ये ते मंगळूरच्या ब्राह्म समाजाचे आचार्य झाले. उतारवयात वाईच्या ब्राह्म समाजाला त्यांनी आधार दिला. १९१२ मध्ये त्यांनी पुण्यात अस्पृश्यतानिवारणाची परिषद भरवली, तेव्हा प्रार्थना समाजाचेच वयोवृद्ध धुरीण भांडारकर तिच्या अध्यक्षस्थानी होते. दार बंद करून ते बाहेर पडले नव्हते, याची ही खूण.

याच परिषदांच्या मालिकेत १९१८ साली मुंबईत अखिल भारतीय अस्पृश्यतानिवारण परिषद भरली. सयाजीराव गायकवाड अध्यक्ष होते. लोकमान्य टिळकांनी तेथे अस्पृश्यतेविरुद्ध जोरदार भाषण केले. परंतु स्वतःच्या आचरणात अस्पृश्यता पाळणार नाही, अशा प्रतिज्ञेचा कागद सह्यांसाठी पुढे आला, तेव्हा त्यांनी सही केली नाही. यावरून टिळकांना दोष देणारे आणि त्यांचा बचाव करणारे आजवर पुष्कळ झाले. अनुयायांना बरोबर घेऊन चालणाऱ्या राजकीय पुढाऱ्याच्या अडचणी निराळ्या असतात, हेही खरे. पण शिंदे यांचे सारे आयुष्य ज्या एका प्रश्नाभोवती फिरले तो प्रश्न त्या कागदाइतका स्पष्ट क्वचितच मांडला गेला असेल. भाषण सभेचे असते. सही माणसाची असते. परमहंस सभेच्या फुटलेल्या यादीपासून पंचहौदाच्या छापलेल्या नावांपर्यंत आणि तेथून या प्रतिज्ञापत्रापर्यंत महाराष्ट्राची सुधारणा याच एका ठिकाणी येऊन अडखळत होती.

कोणत्याच यादीत न मावणारा माणूस

स्वतः शिंदे यांना या सहीचे मोल पुरेपूर द्यावे लागले. १९२० च्या निवडणुकीत मराठ्यांसाठी राखीव असलेली जागा लढवणे त्यांना सहज शक्य होते; जातीच्या नावाने मत मागायचे नाही म्हणून ते सर्वसाधारण जागेवर उभे राहिले आणि पराभूत झाले. ब्राह्मणेतर पक्षातील अनेकांना ते ब्राह्मणांचे हस्तक वाटत. ब्राह्मणांतील सनातन्यांना ते धर्मबुडवे वाटत. अस्पृश्य समाजातून नवे, स्वाभिमानी नेतृत्व पुढे आले, तेव्हा स्पृश्यांनी चालवलेल्या मिशनकडे ते संशयाने पाहू लागले. तो संशय केवळ गैरसमजातून आला होता असे म्हणता येणार नाही. ज्यांचा प्रश्न त्यांच्याच हाती सूत्रे असावीत, ही मागणी न्याय्यच होती. १९२३ मध्ये शिंदे मिशनच्या कारभारातून बाजूला झाले. स्वतः जन्माला घातलेली संस्था हातची सोडणे हा त्यांच्या आयुष्यातील प्रवेशाइतकाच कठीण निर्णय असला पाहिजे.

१९३० च्या कायदेभंगात ते येरवड्याच्या तुरुंगात गेले. १९३३ मध्ये त्यांचा ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ‘माझ्या आठवणी व अनुभव’ या आत्मचरित्रात त्यांनी या साऱ्या प्रवासाचा लेखाजोखा मांडला आहे. २ जानेवारी १९४४ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांना आपले म्हणणारा एकही मोठा पक्ष वा पंथ नव्हता. पुढील काळातही त्यांचे नाव ज्या प्रमाणात घेतले जायला हवे होते त्या प्रमाणात ते घेतले गेले नाही, ही गोष्ट नाकारता येणार नाही.

नव्या पंथात जावे की न जावे, हा प्रश्न कोणत्याही काळातील तरुणापुढे उभा राहतो. पंथांची नावे बदलतात, त्यांचे वेष आणि घोषणा बदलतात. अशा वेळी तो पंथ जुना आहे की नवा, त्याला किती लोक नावे ठेवतात, त्याच्या व्यासपीठावर किती थोर माणसे बसतात, या कसोट्या फारशा उपयोगी पडत नाहीत. शिंदे यांच्या चरित्रातून दुसऱ्या कसोट्या हाती लागतात. आत गेल्यावर प्रश्न विचारता येतो का? जे तत्त्व सांगितले जाते ते सर्वांत खालच्या माणसापर्यंत नेण्याची मोकळीक मिळते का? आणि पद सोडून बाहेर पडायचे झाले तर माणुसकीचे नाते टिकते का? प्रार्थना समाज आपल्या सगळ्या दुबळेपणासह या कसोट्यांना बऱ्याच अंशी उतरला. त्याने एका तरुणाला घडवले, त्याला जगाच्या शाळेत पाठवले आणि तो आपल्यापुढे निघून गेल्यावरही त्याला शत्रू मानले नाही. वादग्रस्त ठरलेल्या कितीतरी पंथांविषयी एवढेही म्हणता येत नाही.

कसोटी मात्र पंथाचीच असते असे नाही. प्रवेश करणाराही तितकाच पारखला जातो. परमहंस सभेच्या सभासदांनी जातीविरुद्ध पाव खाल्ला, पण दार लावून. शिंदे यांनी जे केले ते उघड्या दाराने केले आणि त्याचे जे बरेवाईट परिणाम झाले ते अंगावर घेतले. मिशन गेले, निवडणूक गेली, लोकप्रियता तर कधी आलीच नव्हती. १८९८ मध्ये यादीत घातलेले ते नाव मात्र त्यांनी स्वतःच्या हाताने कधी खोडले नाही.